खेजडगडात बघण्यासारखं काय?

“तुमच्या या खेजडगडात बघण्यासारखं आहे तरी काय? वाळू?”

भर दरबारात उदकनगरचे राजे अनोपसिंग खो खो हसले. खेजडगडचे राजे बखतसिंग रागानं लाल झाले. वाळवंटातलं त्यांचं गाव लहानसं, पण त्यावर त्यांचा भारी जीव!

“आमचा किल्ला बघा, आमची बारव बघा, मग बोला!” ते गरजले.

“बघतो की! माझ्या नगरीत नाही असं एक तरी ठिकाण उद्या सूर्य मावळायच्या आत दाखवा. नाहीतर व्यापाऱ्यांचे तांडे यापुढे माझ्याकडे मुक्काम करतील!”

“कबूल!” बखतसिंग बोलून बसले आणि दरबाऱ्यांनी कपाळाला हात लावला. तांड्यांच्या मुक्कामावरच तर गावातल्या चुली पेटायच्या!

आता पाहुण्यांना गाव दाखवायचं कोणी? प्रधानांच्या पोटात दुखू लागलं. सेनापतींचा गुडघा धरला. शेवटी राजांनी धापूला बोलावलं. उंट पाळणाऱ्या हरजीची ही लेक. गावात कोणी परका आला, की तीच त्याला हिंडवून आणायची.

“हरलीस तर गाव उठेल, पोरी!”

“आणि जिंकले तर, महाराज?”

“मागशील ते देईन!”

सकाळी धापू पाहुण्यांना किल्ल्यावर घेऊन गेली. सोबत त्यांचे दिवाण आणि पाण्याची सुरई घेतलेला एक नोकर.

“माझा किल्ला याच्या दुप्पट!” अनोपसिंग म्हणाले.

बारवेत डोकावून म्हणाले, “एवढ्या पाण्यात आमच्याकडे म्हशी डुंबतात!”

हवेलीची कोरीव जाळी बघून त्यांनी नाक मुरडलं. “माझ्या तबेल्याला याहून नाजूक आहे!”

धापू पुढची वाट दाखवायला वळली. तेवढ्यात राजांनी पाय पुढे केले आणि नोकरानं अख्खी सुरई त्यांच्या धुळकट पायांवर ओतली.

“अहो महाराज, पिण्याचं पाणी!”

“आम्ही पाण्यात लोळणारी माणसं, पोरी!”

धापूनं रिकाम्या सुरईकडे पाहिलं. तिचे डोळे चमकले.

“मग आता सोनटेकडी बघू. वाळूचीच आहे, पण बरीच लांब. उंट आणू का?”

“उंट कशाला? मी काय म्हातारा झालो?”

निघाले चालत! ऊन डोक्यावर आलं. एक पाऊल वर टाकावं, तर वाळू अर्धं पाऊल खाली ओढी. राजांच्या फुशारक्या हळूहळू आटल्या. ओठही सुकले.

“पाणी!”

नोकरानं सुरई उलटी केली. थेंब नाही!

“टेकडीपलीकडे माझ्या मावशीचं झोपडं आहे. चला, धरा माझा हात!”

झोपडं एवढंसं. दारात खेजडीचं झाड, सावलीत ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ. धापूनं लगबगीनं तांब्या भरून दिला. राजांनी तो एका दमात रिचवला. मग दुसरा. मग तिसरा! खोडाला टेकून त्यांनी डोळे मिटले.

“उठा, महाराज. राजवाड्याची बाग बघायची राहिलीय!”

“बाग घाल चुलीत! अशी जागा त्रिभुवनात नाही! मी इथून हलणार नाही!”

“ऐकलंत ना, दिवाणजी?”

दिवाणांनी तांब्यातून तोंड न काढताच मान डोलावली.

संध्याकाळी दरबारात धापूनं सारं सांगितलं. पण एव्हाना पाहुण्यांच्या अंगात पुन्हा बळ आलं होतं.

“हो, म्हणालो! पण ते झाड, ते झोपडं, तो माठ, यात नवल ते काय? असे माठ माझ्या नगरीत घरोघरी आहेत!”

बखतसिंगांचा चेहरा पडला. धापू मात्र पुढे झाली.

“माठ असतील, महाराज. पाणीही मुबलक असेल. पण तहान? इतकी झकास तहान तुमच्या नगरीत कुठं मिळते?”

अनोपसिंगांच्या तोंडून हास्याचा गडगडाटच बाहेर पडला!

“नाही मिळत, पोरी, नाही मिळत! हरलो! तांडे तुमचेच!”

“माग, धापू!” बखतसिंग आनंदानं ओरडले. “सोनटेकडीच्या वाटेवर तुझ्या नावानं दहा पाणपोया बांधू?”

“नको हो, महाराज! एकच बांधा. आणि तीही टेकडीच्या पलीकडे!”

दोन्ही राजे एकमेकांना टाळ्या देत पोट धरधरून हसले. हसता हसताच अनोपसिंगांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढला आणि धापूच्या ओंजळीत ठेवला.