बेडूकरावांची विद्वत्ता

फार पूर्वी एका रानात सर्वांत मोठ्या विद्वानाला डोंगरातली गार गुहा राहायला मिळायची. ज्याचं म्हणणं जास्त जणांच्या तोंडी, तो मोठा, असा अस्वलआजोबांचा नियम होता.

बेडूकराव म्हणाले, "पाऊस पडणार!" लगेच डबकंभर बेडूक तेच ओरडू लागले. आजोबा खूश झाले.

मग खवले मांजराची पाळी आली. त्यानं जन्मभर मुंग्यांचा अभ्यास केला होता, पण रानात त्या विषयातला दुसरा कुणीच नव्हता. "माझं म्हणणं पुन्हा म्हणणार कोण?" त्यानं विचारलं.

"ते तुझं तू बघ," आजोबा म्हणाले.

खवले मांजर खट्टू झालं. मग काहीतरी सुचून ते सगळ्यांना दरीच्या कड्यावर घेऊन गेलं आणि ओरडलं, "मुंग्या वारूळ बदलताहेत!" दरीतून तेच शब्द पुन्हा पुन्हा घुमले.

"ही लबाडी आहे!" बेडूकराव किंचाळले. "दरीला त्यातलं काय कळतं?"

"खरंच की," म्हणत आजोबा बाकीच्या बेडकांकडे वळले. "पाऊस पडणार, हे तुम्हाला कसं कळलं?"

"आम्हाला कुठं कळलं?" बेडूक म्हणाले. "उद्या बेडूकराव आमचं म्हणणार आहेत, म्हणून आज आम्ही त्यांचं म्हणतो!"

गुहा खवले मांजराला मिळाली. त्याच संध्याकाळी त्यानं बेडूकरावांना मुंग्यांवरच्या व्याख्यानाला आग्रहानं बोलावलं, आणि ते आत येताच दारात स्वतः आडवं बसलं.