धर्मशाळेतील धून

एकदा एका वृद्ध सनईवादकाच्या दारी त्यांचा जुना शिष्य खिन्न मुद्रेने येऊन उभा राहिला. गुरू नदीकाठच्या नरसिंहमंदिरात आयुष्यभर सनई वाजवून आता घरी विसावले होते; गाव त्यांना बुवा म्हणत असे. शिष्याचे नाव श्रीरंग. तो शहरात राहून व्हिडिओ गेमसाठी संगीत रचू लागला होता, आणि हे त्याला मिळालेले पहिलेच काम होते.

“बुवा, गेमवाल्यांनी धून दोनदा परत पाठवली,” तो पायरीवरूनच म्हणाला. “शनिवारी शेवटची संधी. नाही जमलं, तर ते दुसऱ्याकडून करून घेणार. मग मी संगीत सोडून काकांच्या रंगाच्या दुकानात बसणार. घरी तसा शब्द देऊन चुकलोय.”

“आधी आत तर ये,” बुवा म्हणाले. “गेम कसला आहे?”

श्रीरंगाने सांगितले. एक वाटसरू हरवलेल्या बहिणीच्या शोधात रानावनातून हिंडतो. वाटेत एक ओसाड धर्मशाळा लागते. तेथे तो शेकोटी पेटवतो, ओले कपडे वाळवतो, तुटलेली चप्पल शिवतो आणि हवे तेव्हा पुढे निघतो. तो तेथे असेतोवर जी धून वाजत राहते, ती श्रीरंगाने रचायची होती. धून संपली की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

त्याने मोबाइलवर ती लावली. सारंगी होती, बासरी होती, मागे तबल्याचे अवघड तुकडे आणि द्रुत ताना होत्या. रचनेत विद्वत्ता ओतप्रोत भरली होती. बुवांनी डोळे मिटून ती ऐकली. मग ते उठून स्वयंपाकघरात गेले, तांदूळ भरलेले सूप घेऊन आले आणि ते शिष्यापुढे ठेवले.

“हे निवड. धून चालू राहू दे.”

श्रीरंग गोंधळला, पण गुरूंच्या आज्ञेवर प्रश्न विचारण्याची त्याला सवय नव्हती. तो खडे वेचू लागला. बासरीची तान आली की त्याची बोटे थांबत. तबल्याचा तुकडा सुरू झाला की नजर तांदळावरून उडे. धून पुन्हा सुरू झाली, आणि पुन्हा. अखेर त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि त्याने स्वतःच हात लांबवून मोबाइल बंद केला.

बुवांच्या पत्नी, ज्यांना तो काकू म्हणे, दारातून हे पाहत होत्या. त्यांनी सूप उचलून हलवले.

“अरे संगीतकारा, हे काय निवडलंस? एवढे खडे तसेच! बुवांचे उरलेले दात आजच पाडायचेत का?”

“काकू, लक्षच लागेना.”

“लागेल कसं? कानाशी कुणी इतकं बडबडत बसलं, तर माझासुद्धा भात करपेल.”

श्रीरंगाचे तोंड उतरले. बुवा त्याच्याजवळ येऊन बसले.

“ही धून तू कशी ऐकत होतास?”

“हेडफोन लावून. डोळे मिटून.”

“आणि हात?”

“हात… रिकामेच होते.”

“खेळणाऱ्याचे हात रिकामे नसतात. मनही नसतं. बरं, एखाद्या गेममधली धून तुझ्या लक्षात राहिली आहे का?”

श्रीरंगाने एक धून लगेच गुणगुणली. अवघे चार सूर, मध्ये दीर्घ विराम.

“एवढीच?”

“एवढीच. बर्फातल्या एका खेड्याची आहे. तिथे काही घडत नाही. लहानपणी आम्ही तो गेम खेळायचो, तेव्हा बाबा दवाखान्यात होते. आई त्यांच्यापाशी. घरात मी आणि ताई, दोघंच. आम्ही त्या खेड्यातून बाहेर पडायचोच नाही. पुढे गेलं की आपला योद्धा मरेल, अशी भीती वाटायची. त्या दिवसांत कुणीच मरू नये, असं वाटत होतं.”

“आणि बाबा?”

“नाही आले.”

काकूंनी सूप खाली ठेवले. बुवांनी शिष्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काही वेळ तो तसाच राहू दिला. मग ते म्हणाले,

“ती धून करणाऱ्याला तुझे बाबा ठाऊक नव्हते. तरी तुझ्या भीतीला बसायला त्यानं जागा ठेवली होती. म्हणून ती तुझ्याजवळ राहिली. तुझ्या रचनेत अशी जागा नाही, श्रीरंगा. सगळीकडे तूच बसला आहेस. आमच्या देवळात नैवेद्याच्या वेळी पडदा ओढत आणि मी बाहेर सनई धरत असे. ती वाहवा मिळावी म्हणून नव्हे. देवानं सावकाश जेवावं म्हणून. एखादा नवखा तिथे ताना घेऊ लागला, की पुजारी पडद्यातून डोकं काढून म्हणत, ‘अरे, देवाला घास तरी गिळू द्या!’”

श्रीरंग ओल्या डोळ्यांनी हसला. “मग काहीच वाजवू नको का?”

“तसं नव्हे. उघड्या माळावर कुणी विसावत नाही, भिंती लागतात. मोजके सूर असे ठेव, की ऐकताच धर्मशाळा ओळखू यावी. ते बदलू नकोस, सजवू नकोस. त्यांच्या मध्ये वाटसरूला श्वास घेऊ दे. धर्मशाळा बांधणाऱ्यानं तिथे स्वतःचं अंथरूण पसरायचं नसतं.”

श्रीरंग शहरात परतला. तबला गेला, सारंगी मागे सरली. बासरीची जी तान त्याला सर्वांत प्रिय होती, ती त्याने शेवटी काढली. काढताना देवाचे नाव घेतले.

शनिवारी, गेम तपासण्याचे काम करणारी रेवती त्याच्यादेखत खेळायला बसली. संगीत कोणाचे, हे तिला ठाऊक नव्हते. धर्मशाळेत तिने कपडे वाळवले, चप्पल शिवली आणि काम संपले तरी ती शेकोटीपाशीच राहिली. पुढे निघण्याची खूण स्क्रीनवर लुकलुकत होती. तिचे तिकडे लक्ष नव्हते.

“संगीत कसं वाटलं?” गेम तयार करणाऱ्यांच्या प्रमुखांनी अखेर विचारले.

“संगीत?” ती भानावर आली. “होतं का?”

आता रंगाचे दुकान, असे श्रीरंगाच्या मनात आले. रेवती उठली, पाण्याची बाटली नळाखाली धरून उभी राहिली आणि नकळत गुणगुणू लागली. तेच मोजके सूर, मधल्या विरामांसह. प्रमुखांनी ऐकले, श्रीरंगाकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, “हीच ठेवू.”

ही धून माझी, असे तिला सांगण्याचा मोह श्रीरंगाला झाला. पण बाटली भरून वाहू लागली, तरी तिची दृष्टी कोठेतरी दूर लागली होती. तेथे तिचे कोण बसले होते, हे त्याला ठाऊक नव्हते. तो पुढे झाला, अलगद नळ बंद केला आणि काही न बोलता बाजूला सरला.