हार घातलेला डबा

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होते आणि त्या गावात जोतिराम नावाचा एक गाडीवाला राहत होता. घाटावरच्या बाजाराला माणसे न्यायची आणि परत आणायची, हा त्याचा धंदा. स्वभावाने इतका गोड की स्टँडवर त्याचा कधी कुणाशी शब्दाने शब्द वाढला नाही. वळणावर कुणी गाडीत ओकले तरी तो हसून पाण्याची बाटली पुढे करी.

पण गिळलेला राग कुठेतरी निघतोच. जोतिरामचा तो घरी निघत असे. चुलीपुढे त्याची बायको मालन भाकरी थापत असायची आणि हा पाटावर बसून दिवसभराची मळमळ तिच्यापुढे ओतायचा. कोण उर्मट बोलले, कुणी गाडी आडवी घातली, पोलिसाने कसे ताटकळत ठेवले. मालन "हं" म्हणायची. भाकरी उलटायची आणि पुन्हा "हं" म्हणायची. जेवून उठेपर्यंत जोतिराम मोकळा व्हायचा आणि अंथरुणाला पाठ टेकताच घोरू लागायचा.

गाडी जुनी झाली तशी चढाला धापा टाकू लागली. शौकत मिस्त्री जोतिरामचा दोस्त. त्याने सांगितले की इंजिनाच्या पोटातून तेलकट वाफ निघते, ती पाइपातून पुन्हा इंजिनातच जाते आणि आत काजळी धरते. त्याने ती काजळी साफ केली आणि पाइपाच्या मध्ये एक चकचकीत डबा बसवून दिला. ऑइल कॅच कॅन म्हणतात त्याला. वाफेतले तेल डब्यात साठायचे आणि इंजिनात साफ हवा जायची. डबा अधूनमधून रिकामा कर, खाली स्क्रू आहे, असे शौकतने बजावले. जोतिरामने मान हलवली. मान हलवायला कुठे कष्ट पडतात?

गाडी घाट झपाझप चढू लागली. जोतिराम डब्यावर भलताच खूश झाला. दसरा आला तेव्हा त्याने गाडी धुतली, झेंडूचे तोरण बांधले आणि बॉनेट उघडून डब्यालाही हळदकुंकू लावले, छोटा हार घातला. त्याच दिवशी मालनला नवी साडी आणली. गाडीत डबा आणि घरात मालन, दोन्ही माझ्या लक्ष्म्या आहेत, असे तो स्टँडवर सांगत सुटला. पुढे डबा रिकामा करायची आठवण झाली, पण पुजलेल्या वस्तूचा स्क्रू फिरवायचा कसा, असे त्याच्या मनाने घेतले. आता पुढच्या दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, असे त्याने ठरवून टाकले. काम अंगावर येणार नाही अशी भक्ती सगळ्यांनाच आवडते.

इकडे मालनच्या मनात एक गोष्ट घोळत होती. तिची आई घाटावरच्या वाडीत एकटी राहत होती आणि तिला डोळ्यांनी दिसेनासे झाले होते. आईला आपल्याकडे आणावे, एवढेच मालनला नवऱ्याला सांगायचे होते. रोज संध्याकाळी ती तोंड उघडायची आणि तेवढ्यात त्याचे सुरू व्हायचे. मग एके दिवशी तिने "हं" म्हणणेही सोडले. जोतिरामला वाटले, दमली असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पिशवी भरली.

"मी आईकडं चाललेय," ती म्हणाली. "परत कधी यायचं ते बघू."

जोतिराम लगबगीने पुढे झाला. पण काय विचारावे ते त्याला सुचेना, कारण विचारायची सवयच नव्हती. तुला सोडतो म्हणून त्याने गाडी काढली. पहिल्याच चढाला गाडीने निळसर धूर सोडला. दुसऱ्या वळणावर ती ओढेनाशी झाली आणि कडेला थांबली.

फोन केल्यावर शौकत स्कूटरवरून आला. त्याने बॉनेट उघडले, सुकलेला हार बाजूला केला आणि डब्याचा स्क्रू ढिला केला. काळा चिखल भळाभळा वाहू लागला. डबा काठोकाठ भरला होता.

"मी तर त्याला रोज उदबत्ती ओवाळतोय," जोतिराम म्हणाला. "कधी कुरकुर केली न्हाई त्यानं."

"कुरकुर कशाला करंल? घेत ऱ्हायला बिचारा," शौकत म्हणाला. "भरल्यावर त्यानं कुठं ठेवायचं? हार काय करायचाय त्याला? रिकामा कर की जरा."

मालन कठड्यावर बसून दरीकडे बघत होती. पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. जोतिरामने डब्याकडे पाहिले, मग तिच्याकडे पाहिले. तो जाऊन तिच्या शेजारी बसला.

"मालन, आज मी काय बोलत न्हाई. तू सांग."

मालनने मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग बोलू लागली. आधी आईचे डोळे, आईचा चुलीवर भाजलेला हात, मग कितीतरी जुने, बारीकसारीक, साचलेले. शौकत पाइप पुसायच्या निमित्ताने त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. जोतिराम मध्ये एकदाही बोलला नाही. तो नुसता "हं" म्हणत राहिला.

त्या संध्याकाळी गाडी घाट उतरली तेव्हा पुढच्या सीटवर मालनची आई बसली होती आणि मालन मागून तिला एकेक वळण सांगत होती.

अजूनही दसऱ्याला डब्याला हळदकुंकू लागते, पण आधी तो रिकामा होतो. आणि रोज संध्याकाळी पाटावर बसल्यावर जोतिराम आधी मालनला बोलू देतो. बोलण्याच्या नादात एखादी भाकरी करपते. तीही तो मुकाट्याने खातो.

तात्पर्य: जो आपला मळ निमूटपणे पोटात घेतो, त्याला नुसता हार घालू नये, वेळच्या वेळी त्याचा भारही हलका करावा.