न तुटलेली धार

फार जुनी गोष्ट. तेव्हा गावोगावचे निरोप साळुंक्या नेत-आणत.

नदीकाठच्या टेकडीवर एक ओतारी एकटाच राहायचा. काशाच्या घंटा ओतायचा. त्याची बायको नावेतून परतताना धुक्यात नदीत बुडाली होती. काठ कुठे आहे हेच नावाड्याला कळलं नव्हतं. तेव्हापासून त्याने एकच ध्यास घेतला होता. घाटावर अशी घंटा टांगायची, की ऐन धुक्यात तिच्या आवाजावर नाव काठाला लागेल.

पण घंटा ओतायची तर वितळलेल्या काशाची धार सलग पडावी लागते. मध्येच तुटली, की सांधा राहतो आणि घंटा बद्द वाजते. हे काय त्याला ठाऊक नव्हतं? पण त्याने धार धरली रे धरली, की खिडकीत साळुंकी हजर! कोतवालाचा बैल हरवला. मग दुसरी, बैल सापडला. मग तिसरी, मागचे निरोप पोचले का म्हणून विचारायला. ओतारी हातातली मूस खाली ठेवायचा आणि सगळ्यांना उत्तरं धाडायचा. बैलाशी त्याचं काय देणंघेणं? काही नाही. पण रिकाम्या घरात कोणी हाक मारली, की माणूस वळतोच हो.

एकामागून एक घंटा बद्द निघाल्या. धुक्याचे दिवस तोंडावर आले. तेव्हा एका म्हाताऱ्या साळुंकीला त्याची कीव आली. ती म्हणाली, "अरे बाबा, आम्हाला थांबता येतं. तुलाच धीर नाही."

तिच्या सांगण्यावरून त्याने टेकडीखालच्या चिंचेला दाण्यांचं टोपलं टांगलं. साळुंक्यांनी तिथेच थांबायचं. दिवस कलला की तो उतरून सगळं ऐकेल. कुणाच्या जिवावर बेतलं असेल, तरच म्हातारीने वर यायचं.

पहिला दिवस त्याला खायला उठला. हात कामात, कान बाहेर. संध्याकाळी धावत खाली गेला, तर निम्मे निरोप आपोआप निकालात निघाले होते. त्याच्या उत्तरावाचून कोणाचंच काही अडलं नव्हतं. हे मात्र त्याच्या जिव्हारी लागलं. चिंचेखाली बसून तो पोटभर रडला.

दुसऱ्या दिवशी त्याने भट्टी पेटवली. खिडकीत कोणी आलं नाही. धार शेवटपर्यंत तुटली नाही.

धुकं उतरलं. घाटावर तो एकटाच घंटा वाजवत उभा राहिला. बऱ्याच वेळाने पाण्यावरून एका बाईचा आवाज आला, "वाजवत राहा दादा, आलो आम्ही!"

नाव काठाला लागली. उतरणाऱ्या प्रत्येकाचं तोंड त्याने निरखून पाहिलं. त्यातलं कोणी त्याचं नव्हतं. तरी तो घंटा वाजवत राहिला. मागून अजून एखादी नाव येत असेल.

तात्पर्य: येईल त्या हाकेला ओ देत बसलं, तर ज्या हाकेसाठी आपण आहोत, तीच निसटते.