चौबळसरांची शक्ती

भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख चौबळसर यांना ज्ञानापेक्षा भाचा प्यारा. विज्ञान स्पर्धेतली शलाकाची जागा त्यालाच हवी म्हणून ते रोज तिला दटावत, "नाव मागे घे." ती ऐकेना. शेवटी तोंडी परीक्षेत, बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंसमोर, सर गुरगुरले, "विजेचा दाब आणि प्रवाह दिला, तर रोध आणि शक्ती कशी काढशील? उदाहरणासकट सांग. चुकलीस तर स्पर्धा विसर!"

"सर, दाबाला प्रवाहानं भागलं की रोध, गुणलं की शक्ती. आता तुम्ही माझ्यावर एवढा दाब टाकलात, पण मी तसूभरही हलले नाही. म्हणजे प्रवाह शून्य आणि माझा रोध अनंत."

"आणि शक्ती?" बाईंनी हसू दाबत विचारलं.

"सरांची ना? शून्य."

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "स्पर्धेला हीच जाईल."