गेटवर अडलेली मिसळ

नेटवर्कप्रमुख गुळवणी साहेबांना ऑफिसच्या नेटवर्कची राखण करणाऱ्या आपल्या फायरवॉलचा भारी तोरा. "बाहेरून कुणीही दार ठोठावलं, की पिटाळायचं!" त्यांच्या हाताखालची शाल्मली दुसऱ्या ऑफिसच्या सर्व्हरकडे फाइल मागायची, तो बिचारा द्यायला यायचा आणि फायरवॉल त्याला हाकलायची. साहेबांचं मत एकच, "सर्व्हर आळशी आहे!"

एके दुपारी साहेबांनी मिसळ मागवली. शाल्मलीने वॉचमनला साहेबांचाच नियम सांगून ठेवला. मिसळवाला गेटवर अडला.

साहेब कडाडले, "अहो, मीच मागवली होती ना!"

"फाइलही मीच मागवली होती, साहेब."

साहेब नरमले. "मग आता खायचं काय?"

"आपणच जाऊन आणायची. आतून गेलेल्याला परतताना कुणी अडवत नाही."

साहेब पाच मजले उतरले, मिसळ घेऊन धापा टाकत परतले आणि म्हणाले, "त्या सर्व्हरला कळव, तू तिथंच थांब. फाइल न्यायला आम्हीच येतो!"