बोराटे गुरुजींचा कुंभक

“…आणि मग म्हणे श्वासच थांबतो बोराटे गुरुजींचा! आपोआप! आणि मग…”

नळावर एवढंच कानावर आलं. तेवढ्यात रखमाची कळशी भरली आणि ती बोलत बोलतच निघून गेली.

पुढचं कळल्याशिवाय मला घास गोड लागेना. आमचं घर मठाला लागूनच. दुपारी प्रसादाच्या निमित्तानं गेले. शिवाय दुसऱ्या दिवशी आम्हा बायांना देवीच्या डोंगरावर जायचं होतं. जीप मठाची, आणि चालवणार गुरुजीच.

गुरुजी म्हणजे शाळेतले निवृत्त व्यायामशिक्षक. मान जाड, आवाज त्याहून जाड. मठात सकाळी प्राणायाम शिकवतात. हरगिरी बाबांचे पट्टशिष्य… निदान ते तसं सांगतात.

जेवणं होऊन मंडळी सभामंडपात टेकली होती. गुरुजी बाबांपुढे बसले होते.

“बाबा, श्वास रोखून धरायला लोक जन्म घालवतात. माझा कुंभक झोपेत आपोआप लागतो. ही सिद्धीच ना?”

“कोण म्हणतं लागतो?”

“आमची ही. घाबरट आहे. मधेच गदागदा हलवते, कुंभक मोडते. कालपासून तिला माजघरात निजायला सांगितलंय.”

खांबाआड बसलेल्या मंदावहिनींनी मान खाली घातली. डोळे सुजलेले.

“उठल्यावर कसं वाटतं रे?”

“डोकं ठणकतं. घशाला कोरड. तेज आहे ना, देहाला सोसत नाही.”

“आणि दिवसा?”

“दिवसा ध्यान लागतं. कुठंही बसलो की लागतं. परवा तर जीप चालवताना…”



“चालवताना काय?”

“…घाटात कठड्याला घासली. थोडीशीच.”

त्याच जीपमध्ये खिडकीजवळची जागा मी भांडून मिळवली होती.

बाबा डोळे मिटून बसले.

जरा वेळानं गुरुजींची मान कलली. खांबाला टेकले आणि घोरायला लागले. मंडप दणाणला. मग एकदम…

काहीच नाही.

पोट वरखाली होत होतं, पण नाकातोंडातून वारा नाही.

“लागला, लागला कुंभक!” कुणीतरी कुजबुजलं. बायांनी हात जोडले. मीही जोडले.

गुरुजींचे ओठ काळवंडत चालले…

मंदावहिनी धावत आल्या. दोन्ही खांदे धरून त्यांनी गुरुजींना हलवलं. बुडणारा माणूस पाण्यावर यावा तसे गुरुजी घुसमटून, मोठा आचका देऊन जागे झाले.

“मोडलास! चारचौघांत मोडलास!”

“मोडू दे,” वहिनी म्हणाल्या. “माजघरातून मला तुमचा श्वास ऐकू येत नाही हो…”

बाबा उठले. ऐंशीच्या घरातला माणूस. काठी टेकत टेकत वहिनींपुढे गेला आणि वाकून त्यानं नमस्कार केला.



“बाबा, हे काय? सिद्धी माझी आणि नमस्कार हिला?”

बाबांनी हात पुढे केला.

“जीपची किल्ली.”

“पण उद्या देवीला…”

“देवी थांबेल. तू उद्या तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात जायचंस, हिला घेऊन, एसटीनं. झोपेत श्वास अडकतो म्हणून सांगायचं. तिथं ही बोलेल, तू ऐकायचं.”

गुरुजींनी किल्ली दिली.

“म्हणजे… श्वास थांबतो ते खोटं?”

“थांबतो ते खरं.”

नळावरचं निम्मं तरी खरं निघालं म्हणायचं.

“मग सिद्धी का नाही, बाबा?” गुरुजींनी विचारलं.

बाबा अंगणाकडे बघत राहिले. तिथं त्यांच्या गुरुबंधूंची समाधी आहे, शंभुगिरींची. ऐन तारुण्यात गेलेले. झोपेत श्वास आवरून देह ठेवला, अशी त्यांची ख्याती. दर सोमवारी आम्ही तिथं फुलं वाहतो. सकाळची फुलं अजून ताजी होती.

बाबांनी किल्ली झोळीत टाकली.

“शंभूही असाच घोरायचा.”